साडेदहाचं जेवण

ओसाकात राहून मराठी पर्यटकांना जपान दाखवायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या कामात टूर कंपन्यांशी मी सगळ्यात जास्त भांडले असेन ती कोयासानच्या वेळापत्रकावरून. छापील कार्यक्रमात तो दिवस ठरलेला असतो: नाश्ता करून प्रस्थान, केबल कार, मुख्य मंदिर, भोजन, प्राचीन स्मशानभूमी, परत. हॉटेलचा नाश्ता आटोपून सगळा गट बाहेर पडायला साडेआठ वाजतात आणि वर पोचायला अकरा. तोवर त्या डोंगरावरची, माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट होऊन गेलेली असते. ती साडेदहाला होते, रोज होते आणि कोणासाठी थांबत नाही.

म्हणून मी आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावरच सांगून ठेवते की उद्या सातच्या आत नाम्बा स्टेशन. नाश्ता फलाटावर, उभ्या उभ्या. मग प्रत्येकाच्या बॅगेतून थेपले, चिवडा, शेंगदाण्याची चटणी निघते आणि कुरकुर थोडी कमी होते. एका दिवसात कोयासान होत नाही, तिथे मठात रात्र काढायलाच हवी, असं पुष्कळ लोक म्हणतात. रात्र मिळाली तर उत्तमच. पण ज्यांना एकच दिवस मिळणार आहे त्यांचा तो दिवस वाया जातो असं मला वाटत नाही. एक वेळ पक्की धरायची आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती लावायचा, एवढं केलं तर पुरतो.

ओसाकाच्या दक्षिणेला वाकायामा प्रांत. तिथल्या डोंगरांत साधारण आठशे मीटर उंचीवर एक खोलगट पठार आहे, भोवती आठ शिखरं. ती कमळाच्या आठ पाकळ्या आहेत, असं तिथले लोक सांगतात. ८१६ साली कूकाई नावाच्या भिक्षूला सम्राट सागाकडून ही जागा मिळाली आणि त्यांनी तिथे शिंगोन या बौद्ध पंथाचा मठ उभारायला घेतला. आज वर शंभराहून जास्त मंदिरं आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला शाळा, पोस्ट, दुकानं, विद्यापीठ असलेलं अख्खं गाव आहे. २००४ साली युनेस्कोनं हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

मी सांगते आहे तो गट नोव्हेंबरच्या सुरुवातीचा. ठाण्याची तीन कुटुंबं, पुण्याचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक, नाशिकच्या दोघी बहिणी आणि नागपूरचं एक जोडपं. काका रेल्वेतून निवृत्त, काकू प्राथमिक शाळेतून. दोघं बौद्ध. पहिल्या दिवशी विमानतळावरच काकांनी मला विचारलं होतं, "ताई, कोयासानला बाबासाहेबांचा पुतळा आहे म्हणतात. दाखवाल ना?" कंपनीच्या कागदात पुतळ्याचा उल्लेख नव्हता. मी हो म्हटलं आणि दुपारच्या खरेदीतला अर्धा तास तिकडे वळवला.

हाशिमोतोनंतर रेल्वेमार्ग एकेरी होतो. गाडी वळणावळणाने चढते, चाकं रुळांवर करकरतात, एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला इतकी जवळ झाडी की काचेला फांद्या लागतील असं वाटतं. वाटेत कुदोयामा स्टेशन लागतं. त्याच्याजवळच्या जिसोनइन मंदिरात कूकाईंची आई येऊन राहिली होती, असं परंपरा सांगते. डोंगर बायकांना बंद होता, त्यामुळे मुलाला भेटायला तिला वर जाता आलं नाही, आणि मुलगाच महिन्यातून नऊ वेळा खाली उतरत असे. हे मी गाडीतच सांगते आणि पुढे काही जोडत नाही. त्याचा उपयोग दिवसाच्या शेवटी होतो.

शेवटच्या स्टेशनावरून केबल कार पाच मिनिटांत सुमारे ३३० मीटर वर नेते. वर उतरलं की पहिला श्वास वेगळा लागतो, ओसाकापेक्षा हवा चांगलीच गार. तिथून बस. गावाच्या वेशीपर्यंतचा रस्ता फक्त बससाठी आहे, पायी जायला मनाई. कार्यक्रमात आधी मुख्य मंदिर असतं. मी मात्र सगळ्यांना बसमध्ये बसवून थेट दुसऱ्या टोकाला नेते, ओकुनोइनला.

ओकुनोइन म्हणजे कूकाईंची समाधी आणि तिच्याकडे जाणारी दोन किलोमीटरची वाट. वाटेच्या दोन्ही बाजूंना, शेकडो वर्षांच्या देवदारांखाली, दोन लाखांहून जास्त थडगी आणि स्मारकं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मी पुढच्या थांब्यावरून जवळच्या वाटेने पाठवते. त्या बाजूला कंपन्यांनी आपल्या दिवंगत कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली स्मारकं आहेत. एक रॉकेटच्या आकाराचं, एक कॉफीच्या कपाचं. कीड नियंत्रण करणाऱ्यांच्या संघटनेनं तर मारल्या गेलेल्या वाळवीसाठी दगड उभा केला आहे. आपल्या धंद्यात ज्यांचा जीव घ्यावा लागला त्यांच्यासाठी एवढा खर्च करून दगड लावावा, हे मला फार मोठं वाटतं. तिथे लोक फोटो काढून पुढे निघतात तेव्हा मी त्यांना परत बोलावून हे सांगते.

आमच्यातले बाकीचे पहिल्या पुलापासून चालले. पुलाजवळच्या दुकानात हिरव्या डहाळ्यांच्या जुड्या विकायला होत्या. हे कोयामाकी. इथे समाध्यांवर फुलांऐवजी हीच डहाळी वाहतात. काकूंनी एक जुडी घेतली. वाटेत कुठे वाहणार म्हणून विचारलं तर "आहे एका जागी" एवढंच बोलल्या आणि ती रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

नाशिकच्या थोरल्या ताई पुलाशी अडखळल्या. "स्मशानातून जायचं ना? मग परत जाऊन अंघोळ करायला कुठे मिळणार?" या प्रश्नाला हसून चालत नाही. त्यांच्या घरची रीत आहे ती. मी त्यांना सांगितलं की इथे फार करून अस्थी, केस, नाहीतर नुसत्या नावाचा दगड असतो, आणि लोक येतात ते कूकाईंच्या शेजारी जागा मिळावी म्हणून. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग चपला नीट करून चालू लागल्या.

वाटेवरच्या बहुतेक स्मारकांचा आकार एकच असतो. खाली चौकोनी दगड, त्यावर गोल, त्यावर त्रिकोणी छप्पर, त्यावर अर्धचंद्र आणि टोकाला रत्न. एका जुन्या, शेवाळलेल्या स्मारकासमोर मी गट थांबवला आणि शिक्षकांना म्हटलं, "सर, हे वाचा." प्रत्येक दगडावर एकेक अक्षर कोरलेलं होतं. लिपी सिद्धम्, आपल्या देवनागरीची लांबची नातेवाईक. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोटानं हवेत अक्षर गिरवलं, खालून वर, सावकाश. अ. व. र. ह. ख. मग तेच म्हणाले, "पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश." चौकोन पृथ्वीचा, गोल पाण्याचा, त्रिकोण अग्नीचा. माणूस गेल्यावर ज्यात मिसळायचा ती पंचमहाभूतं त्याच्या दगडावर क्रमानं रचलेली. कूकाई ८०४ साली चीनला गेले, दोन वर्षं राहिले आणि तिथे प्रज्ञा नावाच्या भारतीय परंपरेतल्या पंडिताकडे संस्कृत शिकले. ती अक्षरं त्यांच्यासोबत या डोंगरावर आली. सर त्यानंतर प्रत्येक दगडाशी थांबायला लागले. मला घड्याळाकडे बघत त्यांना हाताला धरून पुढे न्यावं लागलं.

सेनानी ओदा नोबुनागाचं थडगंही इथेच आहे. त्यानं १५७१ साली क्योतोजवळच्या हिएई डोंगरावरचा मठ जाळला आणि पुढे कोयासानवरही सैन्य पाठवलं. १५८२ साली त्याच्याच सरदारानं, आकेची मित्सुहिदेनं, त्याच्यावर उठाव केला आणि नोबुनागाचा शेवट झाला. मित्सुहिदेचं थडगंही याच वाटेवर आहे. ज्यानं डोंगरावर चाल केली त्यालाही डोंगरानं जागा दिली. ठाण्याच्या मुलांना ही गोष्ट फार आवडली.

तिसऱ्या पुलाच्या अलीकडे तामागावा ओढ्याच्या काठी जिझो या बोधिसत्त्वाच्या आणि इतर मूर्तींची रांग आहे. समोर पाण्याचं कुंड आणि लांब दांड्याच्या पळ्या. आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करून मूर्तीवर पाणी घालायचं. मी एवढंच सांगते. नाशिकच्या ताईंनी पर्स धाकटीकडे दिली, पळी भरली आणि ओठांत काही पुटपुटत पाणी घातलं. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. धाकटी मला हळूच म्हणाली, "जिजाजी, आई आणि आमचा भाऊ." अंघोळीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

साडेदहाला दहा मिनिटं होती. तिसऱ्या पुलाचे नियम कडक आहेत. पलीकडे फोटो नाही, खाणं नाही, टोप्या काढायच्या. पुलाच्या छत्तीस फळ्या आणि सदतिसावा म्हणून अख्खा पूल, मिळून वज्रधातू मंडलातल्या सदतीस देवता होतात. हे सगळं मी अलीकडेच सांगून संपवते, कारण यानंतर मी बोलत नाही. गटाला वाटेच्या एका कडेला उभं करते.

पुलाजवळ समाधीचा नैवेद्य शिजवायचं स्वयंपाकघर आहे. तिथून तीन भिक्षू निघाले. पुढे एक ज्येष्ठ, मागे दोघे, दोघांच्या मध्ये कोऱ्या पांढऱ्या लाकडाची पेटी. पेटी आधी एका छोट्या देवळीसमोर नेली. तिथे चव बघणारा जिझो आहे. कूकाईंच्या पानात जाणारं अन्न आधी त्याला दाखवायचं. मग तिघं पूल ओलांडून समाधीकडे चालू लागले. पावलं एका लयीत, पण मुद्दाम ठेवलेली लय नव्हती ती. रोजच्या कामाला निघालेल्या माणसांची होती. पेटी धरलेल्या एकाच्या हाताची नखं थंडीनं निळसर झालेली मला दिसली. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. पहाटे सहाला एकदा आणि साडेदहाला एकदा, पाऊस असो, बर्फ असो. शिंगोन परंपरा मानते की ८३५ साली कूकाई मेले नाहीत, ध्यानात बसले आणि मैत्रेय बुद्ध येईपर्यंत तसेच बसणार आहेत. मैत्रेय यायला ५६७ कोटी वर्षं आहेत, असं हिशेब सांगतो. त्या ज्येष्ठ भिक्षूशिवाय आत कोणी जात नाही आणि आत काय पाहिलं हे तो कोणाला सांगत नाही.

समाधीच्या पुढच्या दीपमंदिरात दहा हजारांहून जास्त दिवे टांगलेले आहेत. त्यातल्या काहींच्या ज्योती हजार वर्षं अखंड आहेत, असं सांगतात. एक दिवा एका गरीब मुलीनं केस विकून लावलेला. बाहेर आल्यावर ठाण्याच्या एका काकांनी विचारलं, "म्हणजे आळंदीसारखं? संजीवन समाधी?" जवळ आहे, पण तेच नाही, असं मी म्हटलं. आळंदीला माउलींचं काम पूर्ण झालं असं आपण मानतो. इथल्या लोकांच्या लेखी कूकाईंचं काम अजून चालू आहे, ते वाट बघताहेत. काम चालू असलेल्या माणसाला वेळेवर जेवायला लागतं. बाराशे वर्षं ते वेळेवर गेलं आहे. डोंगराचं वय, झाडांची उंची, सरदारांची नावं मी सांगते, सांगायलाच हवीत. पण कोयासान टिकलं ते या पेटीनं, असं मला मनापासून वाटतं, आणि ती पेटी चालताना माणसांना दिसावी एवढ्यासाठी मी सातची गाडी धरते.

दुपारचं जेवण मठात. जपानमध्ये शाकाहारी गट नेणाऱ्यांनाच कळेल त्या जेवणाची किंमत काय असते. एरवी प्रत्येक ठिकाणी मला स्वयंपाकघरात जाऊन विचारावं लागतं, सूप कशाचं, सॉसमध्ये काय. भाजी नुसती भाजी दिसते आणि तिच्या पाण्यात बोनितो माशाचा कीस असतो. इथे विचारावं लागत नाही. भिक्षूंचं जेवण, पाणी समुद्री शेवाळ आणि सुक्या मशरूमचं, कांदा-लसूणही नाही. गोठवून वाळवलेला टोफू मुळात याच डोंगराच्या नावानं ओळखला जातो. आणि गोमादोफू: तीळ वाटून, कुझूच्या कंदाचं सत्त्व घालून, एकसारखं ढवळत आटवलेला, खरवसासारखा थरथरणारा चौकोन, वर चिमूटभर वासाबी. ठाण्याच्या जैन वहिनींनी कंदाचं ऐकून तो बाजूला ठेवला आणि बाकी सगळं ताट न विचारता संपवलं. आठवड्यात पहिल्यांदाच माझं जेवण मी गरम असताना जेवले.

मुख्य मंदिर कोंगोबुजी, तिथला रॉक गार्डन आम्ही झरझर बघितला. एकशेचाळीस ग्रॅनाइटचे खडक, पांढरी वाळू, ढगांतून निघालेले दोन ड्रॅगन. सुंदर आहे, पण जपानात असे बगीचे आणखी मिळतील. तिथलं स्वयंपाकघर मात्र मी कधी सोडत नाही. दोन हजार माणसांचा भात शिजवायच्या कढया आहेत तिथे, काजळीनं काळी झालेली तुळई आहे. नागपूरच्या काकू त्या चुलीपाशी वाकून राख कुठून काढत असतील ते शोधत होत्या.

गारान या मंदिरांच्या आवारात साडेअठ्ठेचाळीस मीटर उंच शेंदरी स्तूप आहे. आत मधोमध महावैरोचन, भोवती चार बुद्ध, सोळा खांबांवर बोधिसत्त्व रंगवलेले. पलीकडच्या मंदिरातल्या वेदीवर होम करतात. काका बराच वेळ बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, खरं सांगा. हे होमहवन, हे तलवार घेतलेले देव. हा बुद्धाचा धम्म आहे का? बाबासाहेबांनी आम्हाला यातूनच बाहेर काढलं."

हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. मी त्यांना जे माहीत होतं ते सांगितलं. सातव्या-आठव्या शतकात भारतातच बौद्ध धर्मात मंत्र, मंडल, होम आले. नालंद्याचे भिक्षू ते ग्रंथ घेऊन चीनला गेले, तिथून कूकाईंनी इथे आणले. आपल्या कान्हेरीच्या एकेचाळीस क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे, तोच जपानभर मंदिरांत पुजला जातो. आणि दीक्षाभूमीचे भदंत सुरेई ससाई मूळ जपानी, त्यांची पहिली दीक्षा शिंगोनचीच. काकांनी सगळं ऐकलं. "असेल," म्हणाले. "इतिहास तुम्ही सांगता तसाच असेल. पण मी होमापुढे हात नाही जोडणार." मी म्हटलं, "नका जोडू." ते बाहेर पायरीवर बसले आणि बाकीच्यांची वाट बघितली. त्यांचं मत बदलणं माझं काम नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला या वेदीसमोर जे वाटलं ते त्यानं स्पष्ट बोलून दाखवलं, याचा मला आदर वाटला.

कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. पुतळा दिसताच काका थांबले, स्वेटर नीट केला, मग पुढे झाले. काकूंनी पिशवीतून रुमाल काढला, त्यातली कोयामाकीची जुडी सोडवली. सकाळपासून पिशवीत राहूनही ती ताजी होती. दोघांनी मिळून ती पुतळ्याच्या पायाशी ठेवली आणि त्रिशरण-पंचशील म्हटलं, पालीत, मोठ्यानं, न थांबता. दोन जपानी विद्यार्थी सायकली हातात धरून उभे राहिले आणि संपल्यावर वाकले. काका त्यांना "जय भीम" म्हणाले. मग आमच्यातल्या प्रत्येकाशी तेच. सरांनीही त्यांना "जय भीम" म्हटलं आणि दोघं काही वेळ हात हातात धरून उभे होते.

शेवटचा थांबा न्योनिन्दो, बायकांचं मंदिर. डोंगरावर यायच्या सात वाटा, आणि प्रत्येक वाटेवर वेशीशी बायकांसाठी एक मंदिर होतं. इथवर यायचं, इथून मागे फिरायचं. आता हे एकच उरलं आहे. ज्यांना समाधीचं दर्शन हवंच असे त्या बाहेरून शिखराशिखरांवरून फिरत आणि झाडांच्या फटींतून आत बघत. सकाळी सांगितलेली कूकाईंच्या आईची गोष्ट मी इथे पुन्हा काढते.

"बंदी उठवली कोणी? मठानं?" काकूंनी विचारलं.

"नाही. १८७२ साली सरकारनं. मठाला ते पचायला पुढची काही दशकं गेली."

"आमच्याकडे शिंगणापूरला २०१६ उजाडलं, तेही कोर्टातून," धाकट्या ताई म्हणाल्या.

काकूंनी मंदिराच्या मागची वाट बघितली. "त्या बाया फिरायच्या ती हीच का? अजून चालता येते?"

येते, म्हटलं, पूर्ण फेरी करायची तर दिवसभराची चाल आहे, चढउतार आहे, बूट चांगले हवेत. त्यांनी मला ती वाट फोनच्या नकाशावर खूण करून द्यायला लावली. बस यायला अजून वेळ होता. नागपुरात दुपारचे बारा वाजले होते. काकूंनी तिथूनच सुनेला फोन लावला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तू चल माझ्यासंगं. एक रस्ता आहे, चालायचा आहे."